क्षयाचा माग घरापर्यंत

घरातल्या एखाद्या माणसाला क्षय झाला तर त्याला घरी ठेवावे, की दूर आरोग्यधामात पाठवावे? तुमच्या पणजोबांच्या काळी याचे उत्तर ठरलेले होते. मोकळी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती! पाचगणीसारख्या ठिकाणी त्यासाठी आरोग्यधामे उभी राहिली. पण खाटा हजारांत आणि रोगी लाखांत. मग उरलेल्यांनी काय करायचे?

हा प्रश्न मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, चक्क प्रयोग करून सोडवण्यात आला. १९५६ साली तेथे क्षयावरील औषधोपचारांचे केंद्र निघाले. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख. त्यांनी १९३ रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एक गट आरोग्यधामात, दुसरा आपापल्या घरी. आणि घरे तरी कसली, दाटीवाटीच्या गरीब वस्तीतल्या खोल्या! औषधे मात्र दोघांना तीच : आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर.

तुम्ही म्हणाल, घरचे रोगी औषध घेतात हे कशावरून? शंका रास्त आहे. क्षयाचा जंतू मोठा आळशी. आतड्यातला कोलाय जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला वीसेक तास लागतात. म्हणून औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते. पण खोकला त्याच्या कितीतरी आधी थांबतो, आणि बरे वाटू लागले की औषध फडताळातच राहते. मग उरलेल्यांतून औषधाला दाद न देणारे जंतू माजण्याचा धोका असतो. तेव्हा केंद्राची माणसे न कळवता घरी जात, शिल्लक औषध मोजत, लघवी तपासून तिच्यात औषधाचा अंश शोधत.

१९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतले बहुतेक रोगी सुधारले होते, फरक थोडाच. त्याहून नवल घरच्या माणसांचे. रोग्याजवळ राहूनही त्यांच्यात क्षयाचे प्रमाण वाढले नाही. असे का? खोकल्यातून जंतू उडतात ते मुख्यतः उपचारापूर्वी. औषध सुरू झाले की ते झपाट्याने घटतात. लागण व्हायची ती बहुधा रोग ओळखण्याआधीच होऊन गेलेली असते!

म्हणूनच आज शहरातला आरोग्यसेवक रोगी सापडला की त्याच्या घरी पोचतो. कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे? कोणाचे वजन घटले? अशांची थुंकी तपासायला जाते. ज्यांना रोग नाही त्यांना, विशेषतः लहान मुलांना, प्रतिबंधक औषध देतात. रोग्याचे नाव ‘निक्षय’ या संगणकीय नोंदवहीत चढते. तो मुंबईहून गावी गेला, तरी तिथल्या दवाखान्यात त्याच्या गोळ्या पुढे चालू ठेवता येतात.