सुटल्यावरचे शिक्षण

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला लांब शिक्षा लागली की तो सहसा अमरावतीच्या किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. तिथे नुसती खडी फोडायची असते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आत शिकताही येते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली निघाले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली. त्यांची अभ्यासकेंद्रे राज्यातल्या मोठ्या कारागृहांत निघाली. पास झालेल्या बंद्यांना शिक्षेत ९० दिवसांपर्यंत माफीही मिळाली आहे. तुरुंगातली विद्या जुनीच आहे म्हणा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत.

अडचण येते ती सुटल्यावर. आत वेळ असतो, सोबती असतात. बाहेर आला की आधी पोटाची काळजी. दिवसभर मजुरी करून अंग मोडून जाते. त्यात गाव मागून बोलते, 'आला बघा जेलवाला!' मग वही उघडायचीही लाज वाटते. एकदा खंड पडला की राहिलेच.

म्हणून पहिल्या महिन्यातच कागद हाती घ्यावेत. दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. पाचवी पास आणि वय १४ पूर्ण पाहिजे. आपले विभागीय मंडळ अमरावतीला आहे. शाळेचा दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत काढून सोबत प्रतिज्ञापत्र द्यावे. अर्ज हल्ली संगणकावर भरतात. गावातल्या शिकल्या पोराने त्याच्याजवळ तासभर बसावे, एवढेच काम. मुक्त विद्यापीठात नाव असेल तर जवळचे केंद्र मागून घ्यावे.

एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. सरकारी नोकरीचे आमिष त्याला दाखवू नका. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने ज्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडले, त्याला त्या गुन्ह्याची अपात्रता लागत नाही. तुरुंग भोगून आलेल्याला ही सवलत नाही. अर्जात विचारले तर खरे लिहावे. लपवलेले उघडे पडले तर लागलेली नोकरीही जाते. पण दुकान, शिवणकाम, मोटारदुरुस्ती यांत हिशेब येणारा माणूस लागतोच.

वर्गात त्याला गुन्हा कोणता, हे कोणी विचारू नये. कोर्टाने विचारून झाले आहे. आणि परीक्षेचे केंद्र दुसऱ्या गावी असले तर एस.टी.चे भाडे वर्गाच्या पेटीतून आदल्या दिवशीच द्यावे.