रोहिणीचे पाणी आणि सिद्धार्थाचा गृहत्याग

वैशाखी पौर्णिमेला आपल्या विहारांतून अजूनही म्हातारा, रोगी आणि प्रेत यांचीच गोष्ट सांगितली जाते. ती पाहून सिद्धार्थाने घर सोडले म्हणे! 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभीच बाबासाहेबांनी ही कथा बुद्धीला पटणारी नाही, असे बजावले आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता काय? असला पुरावा उलटतपासणीत क्षणभरही टिकत नाही. धर्मानंद कोसंबींनीही सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवले होते. तेथे कारण आहे माणसामाणसांतला कलह.

बाबासाहेबांच्या मांडणीत हा कलह रोहिणी नदीच्या पाण्याचा आहे. आधी पाणी कोणी घ्यायचे, यावरून शाक्य आणि कोलियांच्या चाकरांत मारामारी झाली. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने उपसूचना मांडली: दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. आजच्या कायद्यात यालाच लवाद म्हणतात! उपसूचना बहुमताने पडली. तरी हा शस्त्र घ्यायला तयार होईना. मग संघाने धाक घातला तो कुटुंबावर सामाजिक बहिष्काराचा आणि जमीनजप्तीचा. ही शिक्षा आपल्या वाडवडिलांना वेगळी समजावून सांगावी लागली नसती. घरच्यांना झळ नको म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली.

सोलापूरकराला हे कळायला पाली यावी लागत नाही. 2021 साली उजनीच्या पाच टीएमसी पाण्यावरून सोलापूर आणि इंदापूर समोरासमोर आले होते. आणि आपण? चवदार तळ्याचे पाणी आपण 20 मार्च 1927 रोजी प्यालो, त्यावरचा हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडले.

म्हणून धम्मात ईश्वर नाही, आत्मा नाही. प्रश्न आहे माणसाने माणसाशी कसे वागावे हा. दुःखाचे मूळ तृष्णा, हे ऐकताना डोळ्यांपुढे कालव्याला रात्री चोरून लावलेली मोटर यावी. न दिलेले घेणार नाही, हे दुसरे शील तिलाही लागू आहे. ते नुसते पालीत म्हणून भागत नाही.

पुढे शाक्य-कोलियांचा समेट झाला. ती वार्ता घेऊन परिव्राजक आले, तेव्हा सिद्धार्थाला घरी परतता आले असते. तो परतला नाही. बाबासाहेब कारण देतात: राष्ट्रांमधली युद्धे अधूनमधून होतात, वर्गावर्गांतला संघर्ष मात्र रोजचा असतो, आणि त्यावर उत्तर अजून सापडले नव्हते.