जाहिरातींची हजेरी

पहाटे 5.30
मे अखेरीस वऱ्हाडात डोक्याचं काम करायचं तर उजाडायच्या आधी. अकरानंतर कुलरसमोर बसवूनही लॅपटॉप तापतो. रात्री लावून ठेवलेली पायथॉनची स्क्रिप्ट एव्हाना काम आटोपून बसलेली असते. मेटाच्या ॲड लायब्ररीला ती एकच विचारत राहते: अमुक शब्द असलेल्या, भारतात दाखवलेल्या राजकीय आणि सामाजिक विषयांवरच्या जाहिराती दे. उत्तरात पानाचं नाव येतं, पैसे कुणी भरले ते येतं, सुरू झाल्याची तारीख येते. खर्चाचा नेमका आकडा मात्र येत नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ एवढंच. 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर ही सोय भारतात आली आणि राजकीय जाहिरात तिथे सात वर्षं ठेवली जाते.

6.30
आता चाळणी. रोमन लिपीत अमरावती शोधलं की आंध्रच्या राजधानीचं अख्खं राजकारण पडद्यावर सांडतं. अकोल्याबरोबर अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोलेही हात धरून येतं. म्हणून स्क्रिप्टला गावांची यादी दिली आहे: दर्यापूर, अचलपूर, धामणगाव, मूर्तिजापूर, बाळापूर, तेल्हारा. यांतलं एखादं नाव मजकुरात असेल तरच जाहिरात आपली. दुसरा उपाय नाही, कारण ती कुठे दिसली या रकान्यात मेटा फक्त ‘महाराष्ट्र’ सांगतं. बडनेऱ्याला दिसली की बोरिवलीला, ते त्यांना ठाऊक आणि आपण अंदाज बांधायचा.

खर्चाच्या बेरजाही दोन कराव्या लागतात, खालच्या टोकांची वेगळी आणि वरच्या टोकांची वेगळी. बातमीत दोन्ही द्याव्यात असं माझं मत. संपादकांना एकच आकडा हवा असतो, तो मी देत नाही.

8.00
गूगलचा संग्रह वेगळ्या वळणाचा. राजकीय जाहिरातींचा त्यांचा साठा बिगक्वेरीवर खुला आहे आणि जाहिरात कुठल्या ठिकाणी दाखवायची ठरवली होती, त्याचा रकाना त्यात असतो. इथे गावांच्या यादीचा खरा उपयोग होतो. मार्च 2023 मध्ये आलेल्या पारदर्शकता केंद्रात मात्र विषयाच्या शब्दावरून शोध लागत नाही, जाहिरातदाराचं नाव किंवा संकेतस्थळ आधी माहीत असावं लागतं. चोराचं नाव माहीत असेल तर चोरी दाखवू, असा कारभार.

एवढा खटाटोप कशाला, असं चहावाला विचारतो तेव्हा त्याला रिपोर्टर्स कलेक्टिव्ह आणि ॲडवॉच यांची 2022 ची मालिका सांगतो. फेब्रुवारी 2019 ते नोव्हेंबर 2020 या काळातल्या 5,36,070 राजकीय जाहिराती याच वाटेने काढून त्यांनी तपासल्या. उमेदवाराशी वा पक्षाशी उघड नातं न सांगता त्यांचाच प्रचार करणाऱ्या जाहिरातदारांचं जाळं त्यातून पुढे आलं. पानं एकेक करून चाळत बसलं असतं तर ते कुणाच्या लक्षात आलं नसतं. अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत 26 एप्रिल 2024 ला एकाच दिवशी मतदान झालं, उमेदवाराला खर्चमर्यादा होती 95 लाखांची. शुभचिंतकांच्या पानांनी भरलेला पैसा त्या 95 लाखांत कुठे बसतो, हा प्रश्न मी फाईलमध्ये तसाच ठेवला आहे.

10.30
गिला वडा. दही जास्त.

11.00
दिवसाचं खरं काम आता सुरू होतं आणि ते हाताने करायचं आहे. बियाणं, कर्ज, कोचिंग अशा व्यापारी जाहिराती भारतापुरत्या मेटाच्या लायब्ररीतून स्क्रिप्टला मिळतच नाहीत. लायब्ररीच्या संकेतस्थळावर त्या दिसतात, पण चालू असतील तोवरच. जाहिरातदाराने थांबवली की नोंद पुसली जाते. युरोपात तीच जाहिरात वर्षभर राहते, कारण तिथे कायदा आहे. परवानगीविना यंत्राने ही पानं उपसायला कंपनीची मनाई आहे, म्हणून स्क्रिप्ट बंद आणि मी चालू.

शोधायचे शब्द: कपाशी, पराटी, बियाणे, बियाने, घरपोच, तणनाशक सहनशील. शेवटचा शब्द महत्त्वाचा. तणनाशक सहनशील, म्हणजे एचटीबीटी, कपाशीला देशात मान्यता नाही, तरी ‘फवारा मारा, निंदण विसरा’ अशा थाटाच्या जाहिराती हंगामाआधी उगवतात. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात एका ठरावीक वाणासाठी शेतकरी भर उन्हात रांगा लावून उभे होते. ज्याला रांगेत पाकीट मिळत नाही, त्याच्या मोबाईलवर ‘घरपोच’ हा शब्द नेमका पोचतो. सापडलेल्या प्रत्येक जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लायब्ररीतला क्रमांक, वेळ आणि पानाचं नाव लगेच तक्त्यात जातं. नंतर करू म्हटलं की जाहिरात गेली.

1.30
मूर्तिजापूरकडच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्याचा फोन. जाहिरातीतल्या नंबरवर त्याने गिऱ्हाईक म्हणून बोलून पाहिलं होतं.
“भाऊ, बिल नाही देत म्हंते तो. पैसे आंधी टाका म्हंते. बिलच नाही तं मंग तक्रार कायच्यावर करन मानूस?”
भाव विचारला. 2025 साठी बीजी-2 कपाशी बियाण्याच्या 475 ग्रॅम पाकिटाची सरकारी कमाल किंमत 901 रुपये होती, जाहिरातवाला त्याच्या कितीतरी वर सांगत होता. बाजारात टंचाई असली की सरकारी आकडा पाकिटावर छापलेलाच राहतो, हे दुकानदारांनाही ठाऊक आहे. त्यांतले काही जण गप्प का असतात, तो लेख वेगळा.

3.30
बाहेर चिटपाखरू नाही. जमवलेल्या चित्रांतली अक्षरं टेसरॅक्टकडून वाचून घेतो. अर्ध्याअधिक जाहिरातींत मजकूर असा नसतोच, सगळं रंगीत पोस्टरवर. टेसरॅक्टला मराठी येतं, पण जोडाक्षरं आणि पिवळ्यावर लाल छपाई दिसली की ते अडखळतं, उरलेलं मी वाचतो. फोन नंबर निघाले की मेळ घालायचा. वेगवेगळ्या नावांच्या तीन पानांवर तोच नंबर दिसला, म्हणजे दुकान एकच.

6.00
तक्ता दोन ठिकाणी जातो. बातमीसाठी दैनिकाकडे, आणि कृषी विभागाच्या गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकाकडे. निरीक्षक लगेच लिंक उघडतात. सकाळी पाहिलेल्या काही जाहिराती तोवर उतरलेल्या असतात. “दिसत नाहीये हो,” ते म्हणतात. मग स्क्रीनशॉट, वेळ, नंबर. ते पाहून त्यांचा पुढचा प्रश्न नेहमीचा: माल कुठून निघतो? ते जाहिरातीत नसतं. त्यासाठी कुणीतरी मागणी नोंदवून पाकीट हातात घ्यावं लागतं, आणि ते काम त्यांचं.

9.30
‘पराटी’च्या चार वेगळ्या लेखनपद्धती दिवसभरात दिसल्या, त्या उद्याच्या यादीत घालतो. अकोट आणि चांदूर बाजार राजकीय शोधाच्या यादीत नव्हते, तेही टाकतो. स्क्रिप्ट लावून दिवा घालवतो.