धुण्याभांड्याची बोली

श्रोतेहो, या व्यासपीठावर मोठमोठ्या विषयांची चर्चा होत असते. आजचा माझा विषय उंबरठ्याच्या आतला आहे. नांदेड-लातूरच्या आपल्या घरांतून रोज केर निघतो, फरशी पुसली जाते, धुणे वाळत पडते. हे ज्या बाईच्या हातून होते, तिच्याशी आपली बोली काय झाली आहे, असे कुणी विचारले तर पुष्कळांना महिन्याच्या रकमेपलीकडे काही सांगता येणार नाही.

आपण मूळचे शेतीवाडीचे लोक. सालगडी ठेवायचा तर गुढीपाडव्याला बसून बोली करावयाची, ही आपली रीत. साल किती, धान्य किती, उचल किती, हे त्या दिवशी ठरते. या व्यवहारात सालगड्याला नेहमी न्याय मिळाला, असे मी म्हणणार नाही. उचलीपायी अडकून पडलेली माणसे आपण पाहिली आहेत. परंतु आपले साल कधी सुरू होते आणि कधी संपते, एवढे तरी त्याला ठाऊक असते. धुणेभांडी करणाऱ्या बाईला तेवढेही ठाऊक नसते. 'उद्यापासून येऊ नको' हे शब्द तिला कोणत्याही सकाळी ऐकावे लागतात.

बोली नसली म्हणजे काय होते, हे हिशेबाने पाहू. समजा, एक बाई चार घरी काम करते आणि प्रत्येक घरी तिला महिन्याला 1500 रुपये मिळतात. म्हणजे दिवसाचे 50 रुपये. ती तापाने चार दिवस निजली आणि चारही घरांनी खाडे कापले, तर 6000 रुपयांतले 800 गेले. औषधाचा खर्च वेगळा. आमच्याच घरचे सांगतो. एकदा आम्ही असेच खाडे कापले. मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मात्र त्या अंगात ताप घेऊनच भांडी घासायला बसल्या. तेव्हा आम्ही कापलेल्या पैशांचा अर्थ आम्हांला कळला.

पुण्यात 1980 साली मोलकरणींनी काम बंद ठेवले, त्याच्या मुळाशी आजारपणातली रजाही होती. रजा, पगारवाढ, दिवाळीचा बोनस या मागण्या त्यांनी उघडपणे मांडल्या आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यान्वये घरकामगाराची नोंदणी होते आणि अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण यांसाठी साहाय्याची तरतूद आहे. 2013 च्या कायद्याने घरकाम करणाऱ्या स्त्रीलाही लैंगिक छळाविरुद्ध जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. जागतिक कामगार संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी जो करार संमत केला, त्यात कामाच्या अटी कामगाराला समजतील अशा रीतीने आधी सांगाव्यात, शक्यतो लिहून द्याव्यात, असे म्हटले आहे. आपल्या पाडव्याच्या बोलीहून ही गोष्ट फारशी निराळी नाही!

मग या बोलीत काय असावे? पहिली गोष्ट कामाची. धुणे, भांडी, केर, फरशी यांपैकी काय काय, आणि पाहुणेरावळे आले तर वरच्या कामाचे किती. दुसरी गोष्ट वेळेची. लातूरकरांना हे समजावून सांगायला नको. 2016 साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते दिवस आपण विसरलेलो नाही. नळ उशिरा आला आणि बाई ताटकळली, तर पुढच्या तीन घरांची बोलणी तिला खावी लागतात. तिसरी, महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या आणि आजारपण. चौथी, दिवाळीचे काय आणि पगारवाढ कधी. पाचवी, काम सोडताना वा सोडवताना दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगावयाचे. आणि आपण गावाला गेलो म्हणून काम बंद राहिले, तर तो खाडा तिच्या नावावर मांडू नये.

हे सारे वहीच्या एका पानावर मावते. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे. नोंदणीसाठी आपल्या घरी काम करते असा दाखला तिने मागितला, तर हात आखडू नये.

कोणी म्हणतील, आमची मावशी घरच्यासारखी आहे, तिच्याशी कसली बोली? घरच्या माणसाचा तापाच्या दिवशीचा घास आपण कापत नाही. मावशी म्हणावयाचे आणि खाडेही मांडावयाचे, या दोन गोष्टी एका घरात नांदू नयेत. पाडवा दरवर्षी येतो. येत्या पाडव्याला गुढी उभारून झाली की दहा मिनिटे तिच्यासमवेत बसा. आणि त्या वेळी तिला खाली व तुम्ही खुर्चीवर, असे बसू नका.