भूतनाथाची थकबाकी

भूतनाथाला देऊळ हवे आहे, आणि तेही एका रात्रीत. उत्तर गोव्यातल्या पेडण्यात दर कोजागिरीला ही मागणी होते, दर कोजागिरीला गाव हो म्हणतो आणि देऊळ काही होत नाही.

वाळपईकडच्या माणसाने पेडण्याच्या देवाच्या मागे का लागावे, असे मला आमच्याकडे अनेकांनी विचारले आहे. आपल्या सत्तरी तालुक्यात भुतांचा काय तुटवडा आहे? तुटवडा नाही, हे खरेच. पण देवालाच झुलवत ठेवणारा गाव दुसरा कुठे मिळेना.

पेडणे शहरातले भगवतीचे देऊळ बहुतेकांनी पाहिलेले असते, निदान दाराच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले काळ्या दगडाचे हत्ती तरी. नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत इथे रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे सजतात. तरंग म्हणजे उंच काठी आणि तिच्यावर चढवलेले रंगीत लुगड्यांचे थर. देवाचा अवसर ज्याच्या अंगात येतो, तो तरंग पेलतो. कोजागिरीच्या रात्री ही तरंगे बाहेर पडतात, तीच पेडण्याची पुनव. महाराष्ट्र त्या वेळी गच्चीवर दूध आटवत असतो. इथे सावंतवाडी-दोडामार्गापासून आलेली माणसे मुंगीला वाट नाही अशी दाटून उभी असतात आणि ज्यांना बाधा झाली आहे असे घरच्यांना वाटते, त्यांना पुढे आणले जाते. तरंग जवळ आले की ती माणसे घुमू लागतात, ओरडतात, कोसळतात.

मला मात्र त्या बाधितांपेक्षा भूतनाथाचे वागणे अधिक खिळवते. तो रागावतो. आपले देऊळ अजून झालेले नाही हे त्याला आठवते आणि तो रानाच्या दिशेने धाव घेतो. मग माणसे त्याला अडवतात, विनवतात, बांधून देतो म्हणून सांगतात. तो परततो. पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

भुते उतरवण्यासाठी लोक ज्याच्याकडे येतात, तो भूतनाथ स्वतःच बेघर आणि बिथरलेला आहे. रवळनाथ शेजारी शांत. नावावरून भूतगणांचा अधिपती शिव आठवतो; पण पेडण्याचा हा देव कैलासावरचा वाटत नाही. वाटणीत डावलल्या गेलेल्या धाकट्या भावासारखा तो वाटतो. त्याचे कोणी नाकारत नाही आणि त्याला कोणी देतही नाही.

बाधितांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पुनवेला जाऊन कोणाला बरे वाटत असेल तर मी आड येणार नाही. पण परतताना बांबोळीच्या मनोविकार संस्थेची वाट चुकवू नये. देवाने दिलेला कौल आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी एकाच पिशवीत राहू शकतात.

हे सगळे इथेच का टिकले, याचे उत्तर भक्तीत शोधण्यापेक्षा तारखांत शोधावे. तिसवाडी, बार्देश, साष्टी या पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादींवर 1560 पासून इन्क्विझिशनचा वरवंटा फिरला. 1774 ते 1778 एवढी उसंत सोडली तर तो थांबायला 1812 उजाडले. 1736 च्या एप्रिलमधला इन्क्विझिशनचा जाहीरनामा वाचला तर हसावे की रडावे कळत नाही. अंगणातली तुळस, लग्नातली गाणी, पानसुपारी, एकादशीचा उपास, साऱ्यावर बंदी! भुतांना तिथे कोण विचारतो? डिचोली आणि सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली ती 1780 च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पेडणे सावंतवाडीकरांकडून गेले 1788 मध्ये. तोवर त्यांचा धर्मोत्साह ओसरला होता आणि नव्या मुलखाच्या रीतीभातींना हात न लावणे शहाणपणाचे ठरले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात या रीतीभातींची संहिताच तयार झाली आणि ती पोर्तुगीज व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. ज्या राज्याने तुळस उपटायला लावली, त्याच राज्याने गावकऱ्यांचे रिवाज कलमवार लिहून घेतले.

त्याच परंपरेतला 1933 चा देवस्थानांचा कायदा तर पोर्तुगीज गेले तरी गेला नाही. महाजन कोण, हिशेब कसे ठेवायचे, हे त्यात आहे आणि आजही मामलेदार हाच देवस्थानांचा प्रशासक. त्यामुळे गोव्यात मानपानाचा वाद देवळाच्या चौकात सुरू होतो आणि मामलेदाराच्या टेबलावर जातो. तरंग कोणी धरायचे, पालखीला खांदा कोणाचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे, यावरून भावाभावांत बोलणी बंद झालेली गावे उत्तर गोव्यात शोधावी लागत नाहीत.

आमच्या सत्तरीत मेलेल्यांचे येणे शरदात होत नाही, फाल्गुनात होते. झर्मे आणि करंझोळला शिगम्यात चोरोत्सव असतो. त्यात माणसे जमिनीत पुरल्याचा देखावा करतात. कोणाचे नुसते डोके वर दिसते. चोर समजून गावाने निरपराध माणसे मारली, अशी त्यामागची कथा सांगतात. डिचोलीतल्या साळला गडे म्हणून ओळखले जाणारे भाविक मध्यरात्री रानात धावतात, तेही होळीच्या दिवसांत. झर्म्याचा गाव आपला गुन्हा दर वर्षी स्वतःच्या अंगणात मांडतो, ही गोष्ट मला पेडण्याच्या आश्वासनाइतकीच विलक्षण वाटते. तिथे देणे चुकते होत नाही, इथे पाप फिटत नाही.

शरदाकडे परत येऊ. कोजागिरीनंतर पंधरवड्यात नरकासुर. घाटावरची पोरे दिवाळीत किल्ला करतात, गोव्यातली राक्षस करतात. लाकूड-बांबूचा सांगाडा, आत गवत, वर कागद, तोंडाला विकतचा मुखवटा आणि चौकाचौकात वर्गणी. वाळपईच्या बाजारातही रात्रभर जाग असते. पहाटे तो जळतो. मग अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट फोडणे आणि पोह्यांचे पाच-सहा प्रकार. दर वर्षी न चुकता भांडण होते ते नरकासुरावरून. राक्षसाचे उदात्तीकरण चालले आहे, कृष्ण कोपऱ्यात उभा राहतो, स्पर्धांच्या बक्षिसांनी सण खाल्ला, अशी एका बाजूची तक्रार असते. कर्ण्यांपुरती ती मला मान्य आहे; पहाटे तीन वाजता छाती हादरवणाऱ्या संगीताने कोणाचाच वध होत नाही. राक्षसाबद्दलची तक्रार मात्र मान्य नाही. महिनाभर राबून ज्याला घडवले त्यालाच पहाटे आपल्या हाताने काडी लावायची, हे पोरांना दुसरे कोण शिकवणार?

2024 साली नरकचतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली. पहाटे नरकासुर जळाले आणि रात्री जगभर हॅलोविन साजरा झाला. साविन नावाच्या आयरिश सुगीच्या सणापासून ते अमेरिकेतल्या भोपळ्यापर्यंतचा हॅलोविनचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-हरमलला, पाहुण्यांसाठी त्या मुखवट्यांच्या पार्ट्याही होतात. 2020 ची कोजागिरी 30 ऑक्टोबरला होती, म्हणजे भूतनाथ एका दिवसाने चुकला. त्यानंतर तीनच दिवसांत, 2 नोव्हेंबरला, ख्रिस्ती शेजारी कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवायला गेले असणार. एका तालुक्यात तीन तऱ्हेचे मेलेले, आणि कोणाची कोणाला अडचण नाही.

हॅलोविनच्या पोराला दारात खाऊ दिला की तो जातो. भूतनाथाचे तसे नाही. समजा, कोणी खरेच एका रात्रीत देऊळ उभे करायचे ठरवले. जागा कोणाच्या नावावर, परवाना कोणाच्या सहीने, पहिला नारळ कोणी ठेवायचा, महाजन कोण? सकाळ व्हायच्या आत प्रकरण मामलेदाराकडे जाईल. पेडणेकर हे जाणून असावेत. म्हणून ते हो म्हणतात आणि तारीख सांगत नाहीत.