ग्रंथालयातील नोकरी : अर्जापासून पहिल्या पगारापर्यंत

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाने पुढे काय करायचे? मुलीला कुठे अर्ज भरायला लावायचा? पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, बँक ही नावे लहानथोरांच्या तोंडी असतात. ग्रंथालयाचे नाव मात्र क्वचितच कोणी काढते. काढलेच तर उत्तर मिळते, "पुस्तके द्यायची आणि घ्यायची, त्यात कसली आली नोकरी?"

हा समज दूर व्हावा म्हणून आम्ही मध्यंतरी काही सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन बसलो, तेथील सेवकांशी बोललो. जे पाहिले, ऐकले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. गोड तेवढेच सांगायचे आणि कडू लपवायचे, असे आम्ही करणार नाही. कारण प्रश्न आपल्या मुलाबाळांच्या भाकरीचा आहे.

ग्रंथालय कोणाचे, हे आधी पाहा

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार राज्याचे ग्रंथालय संचालनालय काम करते आणि प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतो. नोकरीच्या दृष्टीने ग्रंथालयांचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार शासकीय ग्रंथालयांचा. मध्यवर्ती, विभागीय आणि जिल्हा ग्रंथालये यात येतात. येथील सेवक हा सरकारी नोकर. पगार वेतनश्रेणीप्रमाणे, आणि आरक्षण लागू. पण जागा थोड्या, आणि जाहिरात वर्षानुवर्षे निघत नाही.

दुसरा प्रकार महापालिका व नगरपालिकांच्या ग्रंथालयांचा. येथील भरती ती ती संस्था आपल्या नियमाने करते.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा. लोकांनी संस्था स्थापून चालवलेली आणि शासनाचे अनुदान घेणारी ग्रंथालये. अशी ग्रंथालये राज्यात दहा हजारांहून अधिक आहेत. त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग आहेत. ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास अशा गोष्टींवर वर्ग ठरतो. 'अ' वर्गात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक, शिपाई अशी माणसे असतात. 'ड' वर्गात बहुधा एकटा ग्रंथपालच सारे पाहतो. कुलूप उघडण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत. येथे नेमणूक संस्थेची कार्यकारिणी करते. म्हणजे अनुदान सरकारचे असले तरी सेवक सरकारी नोकर नसतो. हा फरक न कळल्यामुळे पुष्कळांची निराशा होते.

शिक्षण काय लागते?

लहान ग्रंथालयासाठी ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा उपयोगी पडते. तिचे वर्ग बऱ्याच जिल्ह्यांत जिल्हा ग्रंथालय संघ चालवतो. प्रवेशाची अट व फी त्या वर्षीच्या सूचनेत पाहून घ्यावी. पदवीधर मुलामुलींसाठी ग्रंथालयशास्त्राची पदवी, म्हणजे बी.लिब., हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, एम.लिब. हे त्यापुढचे एक वर्ष. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले. दिवसा काम करून शिकणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. शिवाय संगणक आलाच पाहिजे. अनेक ग्रंथालयांत आता 'ई-ग्रंथालय' या संगणक प्रणालीवर नोंदी होतात. एमएससीआयटीचे प्रमाणपत्र जवळ असावे आणि मराठी टंकलेखनाचा सराव असावा.

कागदपत्रांची पिशवी

आमच्या परिचयातील एका मुलीची हकिकत येथे सांगितली पाहिजे. वडील नगरपालिकेत सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी बी.ए. झाली, मग तिने ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा दिली. सरकारी जागेसाठी तयारी करायची म्हणून तिने जातीचा दाखला काढायला घेतला, तेव्हा अडचण उभी राहिली. तिच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' असे लिहिलेले. वडिलांच्या दाखल्यावरही तसेच.

ही अडचण अनेक घरांत आहे. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती लागू केल्या. परंतु दाखला काढताना मूळ जात कोणती, याचा पुरावा द्यावाच लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्यापूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि मूळ जात कोणती होती, हे दाखवणारा कागद शोधावा लागतो. या मुलीच्या वडिलांनी दोन रजा टाकल्या, गावी गेले आणि आजोबा ज्या शाळेत दुसरीपर्यंत शिकले होते, तेथील जुन्या रजिस्टरातून उतारा काढून आणला. त्या एका कागदावर पुढचे सर्व काम झाले.

म्हणून आमचे सांगणे असे की, जाहिरातीची वाट पाहू नका. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद, वडिलांचे व आत्याचे शाळेचे दाखले आत्ताच जमा करा. जातीचा दाखला मिळाला म्हणजे काम संपले, असेही नाही. जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र नोकरीत मागितले जाते आणि त्याला वेळ लागतो. घरात कोणाचे वैधता प्रमाणपत्र झाले असेल तर त्याची प्रत जपून ठेवा. रक्ताच्या नात्यातील तो पुरावा भावंडांच्या कामी येतो. आणखी एक. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला नॉन-क्रीमी लेयरचा दाखला लागत नाही. तो काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

अर्ज आणि मुलाखत

सरकारी जागांची जाहिरात वर्तमानपत्रात व संचालनालयाच्या संकेतस्थळावर येते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच भरावे. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी विवाह नोंदणीचा दाखला व राजपत्रातील नोंद जवळ ठेवावी. भरलेल्या अर्जाची आणि फीच्या पावतीची छापील प्रत काढून पिशवीत टाकावी.

अनुदानित ग्रंथालयात मात्र साधा हाती लिहिलेला अर्जही चालतो. आपल्या त्या मुलीने तालुक्याच्या 'अ' वर्ग ग्रंथालयात निर्गम सहायकाच्या जागेसाठी तसाच अर्ज केला. मुलाखतीत अध्यक्षांनी विचारले, "वाचकाने पुस्तक फाडून परत आणले, तर काय कराल?" ती म्हणाली, "सर, आधी पुस्तक देताना ते कसे होते याची नोंद पाहीन. आधीच फाटलेले असेल तर दंड वाचकाला कशाला?" दुसरा प्रश्न आला, "येथे पगार कमी आहे, टिकाल का?" ती म्हणाली, "नेमणूकपत्र आणि पगाराची ठरलेली तारीख मिळाली तर टिकेन." उत्तर थोडे रोखठोक होते, पण नेमणूक तिचीच झाली.

ज्या संस्थेत नेमणुकीसाठी देणगी मागतात, तेथे पाऊल टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कर्ज काढून दिलेली रक्कम त्या पगारातून फिटणार नाही. लेखी नेमणूकपत्र घ्यावे. जागा मंजूर आकृतिबंधातील आहे का, पगार बँकेत जमा होणार का, हे आधी विचारावे. विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

पहिले दिवस

पुस्तक देणे-घेणे हे कामाचे फक्त दिसणारे टोक आहे. नवे पुस्तक आले की त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते व त्याला दाखलअंक मिळतो. तो अंक त्या पुस्तकाचा कायमचा. पुस्तक हरवले तरी दुसऱ्याला दिला जात नाही. मग शिक्के. एक शीर्षकपृष्ठावर, आणि एक आतल्या ठरावीक गुप्त पानावर, म्हणजे कोणी पहिले पान फाडले तरी पुस्तक कोणाचे ते कळते. नंतर वर्गांक. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली काढलेली दशांश पद्धत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी चालते. साऱ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. बौद्ध धम्मावरची पुस्तके २९४.३ खाली, मराठी साहित्य ८९१.४६ खाली.

आपली ही मुलगी पहिल्याच आठवड्यात येथे अडखळली. २९४.३४ हे पुस्तक तिने २९४.५ च्या पुढे लावले, कारण चौतीस हा पाचापेक्षा मोठा. ग्रंथपाल मॅडमनी समजावले, "दशांशानंतर एकेक आकडा वाचायचा. तीन हा पाचाच्या आधी, म्हणून हे पुस्तकही आधी." चूक क्षुल्लक वाटते. पण चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हरवलेल्यासारखेच असते; साठा पडताळणी होईपर्यंत ते कोणाला सापडत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची नव्हती. शिपाई रजेवर गेला की झाडू तिच्याच हाती दिला जाई. तिच्याच पदावरच्या दुसऱ्या सहायकाला कोणी सांगत नसे. महिनाभर पाहून ती मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, झाडायला माझी ना नाही. पण आळीपाळी लावा, वहीत लिहून लावा, सगळ्यांची." मॅडमनी दुसऱ्याच दिवशी आळीपाळी लावली आणि पहिले नाव स्वतःचे लिहिले. भांडण झाले नाही की तक्रार अर्ज गेला नाही. काम कोणतेही हलके नसते. पण ते जन्मावरून वाटले जात असेल तर गप्प बसू नये, आणि बोलताना अशी व्यवहारी वाट सुचवावी.

पगाराचे खरे

आता कडू भाग. तामिळनाडू, कर्नाटक यांसारख्या राज्यांत ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. त्यामुळे आपली ग्रंथालये शासनाच्या अनुदानावर आणि वर्गणीवर चालतात. अनुदान हप्त्यांनी येते. हप्ता लांबला की पगार लांबतो. २०२२ साली शासनाने परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, तरी पगार हा मोठा भाग त्यातूनच भागवायचा असल्याने सेवकाच्या हाती येणारी रक्कम तुटपुंजीच राहते. वेतनश्रेणी व सेवाशर्ती मिळाव्यात, ही सेवकांची मागणी फार जुनी आहे.

या मुलीचा पहिला पगार दोन महिन्यांनी आला. वडील म्हणाले, "बाळा, एवढ्यासाठी रोज दोन गाड्या बदलतेस?" तिने हिशेब मांडला. दुपारच्या निवांत वेळेत बी.लिब.चा अभ्यास होतो, पुस्तके फुकट मिळतात, अनुभवाचा दाखला मिळेल, आणि सरकारी जाहिरात निघाली की वय निघून जाण्याआधी आपण तयार असू. वडिलांना पटले. आम्हालाही पटते, परंतु एका अटीवर. अनुदानित ग्रंथालयातील नोकरी ही पायरी म्हणून धरावी. एकट्या त्या पगारावर घर चालवणाऱ्याने दुसरे साधन जोडीला ठेवावे.

माणूस ओळखण्याचे काम

तरीही या कामाची किंमत पगारावरून करता येत नाही. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणाऱ्या एका विद्यार्थ्याची कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपणहून चौकशी केली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती मिळवून देण्यास साहाय्य केले. तो विद्यार्थी कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. केळुसकर शिक्षक होते, ग्रंथपाल नव्हते. पण वाचणारे पोर ओळखणे आणि नेमके पुस्तक त्याच्या हाती देणे, हेच चांगल्या ग्रंथपालाचे काम होय. आज राज्य शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा पुरस्कार देते, तर उत्कृष्ट कार्यकर्ता व सेवकाला डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा.

आपल्या वस्तीतील कितीतरी मुले घरात जागा नाही म्हणून ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बसतात. टेबलाच्या पलीकडे आपल्यातीलच एखादी ताई असेल, तर त्या मुलांना पुस्तक मागायला संकोच वाटणार नाही.

तेव्हा पालकांनो, यंदा निकालानंतर नोकऱ्यांची नावे काढाल त्यात ग्रंथालयाचेही नाव काढा. आणि मुलामुलींनो, अर्ज करण्यापूर्वी एक करा. जवळच्या ग्रंथालयाचे सभासद व्हा. वर्गणी थोडी असते. महिनाभर तेथे बसा, काम कसे चालते ते पाहा, ग्रंथपालांशी बोला. मग ठरवा.