पावणेदोन एकरातली मुंगी : पोरींचा फुटबॉल आणि गावाचं काम



या पानावर आपण एरवी भातावरचा करपा, तुरीवरची शेंगअळी, बियाण्याची उगवणशक्ती असल्या गोष्टी बोलतो. आज विषय वेगळा आहे. विषय आहे फुटबॉल, आणि तोही पोरींचा. "शेतीखात्याच्या माणसाचं फुटबॉलशी काय काम?" असं तुम्ही म्हणाल. काम आहे. फुलोऱ्यात पाणी तुटलं तर पुढे कितीही खत ओता, दाणा भरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. खेळाडू पोरीचंही तसंच आहे. तिचा फुलोरा कोणत्या वयात असतो आणि त्या वेळी आपण काय करतो, एवढंच आज बोलायचं आहे.

मधल्या फळीचं काम काय?

फुटबॉलचं मोठ्या सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. आपल्या हिशोबात पावणेदोन एकर. त्यात एका बाजूला अकरा जणी. पुढे गोल मारणाऱ्या, मागे गोल अडवणाऱ्या, आणि मध्ये असते ती मधली फळी. तिथल्या खेळाडूला मिडफिल्डर म्हणतात.

बारं धरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. विहिरीचं पाणी दांडाने येतं. कोणता वाफा भरला, कोणता कोरडा राहिला, कुठे दांड फुटला, हे सगळं त्याला एकाच वेळी बघावं लागतं. एक वाफा फोडायचा, दुसरा बांधायचा. मिडफिल्डर चेंडूचं तेच करते. मागून आलेला चेंडू घ्यायचा, कुणाला मोकळी जागा आहे ते हेरायचं, तिकडे तो वळवायचा, आणि चेंडू हातचा गेला की पळत जाऊन परत मिळवायचा. गोल दुसरीच्या नावावर लागतो, पळणं मात्र हिचं जास्त. वरच्या दर्जाच्या सामन्यात नव्वद मिनिटांत ती सुमारे दहा किलोमीटर पळते. वीतभराहून थोडं कमी, म्हणजे वीस सेंटिमीटरचं तास धरून एक एकर नांगरायचं तर बैलांमागे वीस किलोमीटर चालणं होतं. म्हणजे ही पोरगी दीड तासात अर्धा एकर नांगरते, आणि तेही पळत.

मुंगी नावाची बाई

ब्राझीलमध्ये अशी एक मिडफिल्डर होऊन गेली. लोक तिला फोर्मिगा म्हणतात. त्यांच्या पोर्तुगीज भाषेत फोर्मिगा म्हणजे मुंगी. सतत राबणारी आणि दुसऱ्यांसाठी वाहून नेणारी, म्हणून हे नाव पडलं. जन्म १९७८ चा. त्या वेळी ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्यानेच बंदी होती. १९४१ साली घातलेली ती बंदी १९७९ साली उठली. कायदा उठला तरी घरचा विरोध उठला नाही. फुटबॉल खेळते म्हणून भावांनी मारलं, असं तिने स्वतः सांगितलं आहे. तरी ती थांबली नाही. १९९५ ते २०१९ या काळात सात विश्वचषक, १९९६ पासून टोकियोपर्यंत सात ऑलिंपिक, आणि त्यांत २००४ व २००८ ची दोन रौप्यपदकं. देशासाठी दोनशेहून जास्त सामने. फ्रान्समधल्या पॅरिसच्या क्लबकडून ती चाळिशी ओलांडल्यावरही पगारी खेळाडू म्हणून खेळली.

देशासाठीचा तिचा निरोपाचा सामना झाला २५ नोव्हेंबर २०२१ रोजी, अॅमेझॉनच्या जंगलातल्या मनौस शहरात. समोर कोण होतं? आपला भारत.

ब्राझीलने पहिल्याच मिनिटाला गोल केला. आता आपली धूळधाण होणार, असंच बघणाऱ्यांना वाटलं असेल. पण आठव्या मिनिटाला आपल्या एका पोरीने चेंडू जाळ्यात धाडला आणि बरोबरी झाली. सामना आपण पुढे ६-१ असा हरलो, ते लपवायचं कारण नाही. पण ब्राझीलविरुद्धचा तो एक गोल मारणारी मनीषा कल्याण त्या दिवशी अजून वीस वर्षांचीही नव्हती. वाढदिवस दोन दिवसांवर होता.

मुग्गोवाल ते युरोप

मनीषा पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या मुग्गोवाल गावची. मधल्या फळीत खेळते, संधी मिळाली की पुढेही जाते. ती आपल्या देशातल्या क्लबांकडून, पुढे केरळच्या गोकुलम संघाकडून महिलांच्या लीगमध्ये खेळली. बायकांसाठीची ही इंडियन विमेन्स लीग सुरू झाली २०१६-१७ च्या हंगामात. त्याआधी वर्षभर क्लबकडून खेळायचं म्हटलं तरी पोरींना अशी देशपातळीची लीगच नव्हती.

२०२२ साली मनीषा सायप्रस देशातल्या अपोलोन या क्लबात गेली. त्याच ऑगस्टमध्ये युरोपातल्या महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये ती उतरली. त्या स्पर्धेत खेळणारी ती पहिली भारतीय. पुढे २०२४ मध्ये ग्रीसमधला पाओक, २०२५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरूमधला अलियान्सा लिमा. देशाच्या फुटबॉल महासंघाचा वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा मानही तिला मिळाला. मुग्गोवालची पोरगी पेरूत जाऊन पायाच्या कलेवर पगार घेते, ही गोष्ट घडलेली आहे.

पण वाचकहो, सगळ्याच पोरी परदेशी जात नाहीत. दुसरा रस्ता आपल्याला जवळचा आहे, तोही बघा. पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यात कल्याणी शहर आहे. तिथली संगीता बासफोर हीसुद्धा मिडफिल्डर. खेळाच्या बळावर ती सशस्त्र सीमा बलात नोकरीला लागली. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये चिआंग माई इथे भारताची गाठ यजमान थायलंडशी पडली. भारत २-१ ने जिंकला, आणि दोन्ही गोल संगीताचे. त्या विजयाने भारत २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. पात्रता सामने जिंकून महिला संघाने हे पहिल्यांदाच केलं. एका हातात नोकरी, दुसऱ्या हातात देशाचा संघ. घर चालवून खेळायचं तर हा रस्ता भक्कम आहे.

आपल्या महाराष्ट्राचंही या खेळाशी नातं आहे. २०२२ चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. इराणशी बरोबरी झाली, आणि मग संघात करोना शिरल्याने भारताला स्पर्धेबाहेर जावं लागलं. त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्याचा अंतिम सामना नवी मुंबईत. भारताच्या त्या संघात पुण्याची काजोल डिसूझा होती. पुण्याची होऊ शकते तर नंदुरबारची का नाही?

फुलोरा कधी आणि पाणी कुठे तुटतं?

आता चिंचपाड्याकडे आणि आजूबाजूच्या पाड्यांकडे येऊ. आपल्या पोरी डोंगर चढतात, हंडे वाहतात, भातलावणीत दिवसभर वाकतात. दम त्यांच्यात आहेच. पण चेंडूवरचा ताबा, नजर आणि सांघिक समज बारा ते सतरा या वयात मुरते. हाच तो फुलोरा. नेमक्या याच वयात आपल्याकडे काय होतं? दिवाळीनंतर घरचे गुजरातेत ऊसतोडीला निघतात, पोरगी धाकट्या भावंडांना सांभाळायला बरोबर जाते. परत येते तेव्हा शाळेचा संघ खेळून मोकळा झालेला असतो. एकदोन वर्षांनी शाळाच सुटते, आणि अठरा पुरी व्हायच्या आत लग्नाची बोलणी सुरू होतात. अशी सुटलेली पोरगी कुणाच्या हिशोबात येत नाही, कारण ती कुठे पोचली असती हे कुणी पाहिलेलंच नसतं.

गावाने काय करावं?

सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि पालक यांच्यासाठी थोडक्यात सांगतो :

१) जागा : पावणेदोन एकर लगेच लागत नाही. चाळीस बाय तीस मीटर म्हणजे बारा गुंठे पुरे. दगड वेचा, उतार काढा, खरीप संपला की रोलर फिरवा. ग्रामसभेत ठराव घ्या, आणि पेसाच्या पाच टक्के निधीत हे काम बसतं का ते पंचायत समितीत विचारून घ्या. त्या जागेत कुणी खळं किंवा कडब्याची गंजी घालणार नाही, हेही ठरावातच लिहा.

२) जन्माची नोंद : वयोगटाच्या स्पर्धांत दाखल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. उशिरा केलेल्या नोंदीवर शंका घेतात. पाड्यावर बाळ जन्मलं की एकवीस दिवसांच्या आत नोंद झाली पाहिजे. आज जन्मलेल्या पोरीचं हे काम आजच.

३) शाळेचा संघ : सुब्रतो चषकात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत. शाळेने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेत नाव दिलं की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीने विचारावं. आश्रमशाळांच्या स्पर्धा प्रकल्प कार्यालयामार्फत होतात, त्यांतही मुलींचा संघ उतरतो का ते बघा.

४) स्थलांतर : पोरीला तोडीवर नेऊ नका. आजी-आजोबांकडे, वसतिगृहात किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. गावाने यादी करावी आणि दिवाळीआधीच शाळेला द्यावी.

५) तब्येत : आपल्या भागात सिकलसेल आहे. पळायला लावण्याआधी तपासणी करून घ्या, आणि दोष निघाला तर डॉक्टर सांगतील तेवढंच खेळवा. ताटात नागलीची भाकर, तुरीची डाळ, पालेभाजी असावी. नवापूर तालुका पोल्ट्रीसाठी ओळखला जातो. इथली अंडी गाड्या भरून बाहेर जातात. त्यातलं एक रोज घरच्या पोरीच्या ताटात पडायला काय हरकत आहे?

६) प्रमाणपत्रं : महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक पातळीवरची कामगिरी आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. तेव्हा प्रत्येक कागद जपून ठेवा. सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलात तरी चालेल.

खरं सांगायचं तर बायकांच्या फुटबॉलमध्ये आपल्याकडे क्रिकेटसारखा पैसा नाही. पन्नास पोरी खेळल्या तर एखादीच जिल्ह्याबाहेर जाईल, आणि त्याहून वरचं कुणी सांगू शकत नाही. पण उरलेल्या एकोणपन्नास जणींचंही नुकसान होत नाही. त्या दहावीपर्यंत शाळेत टिकतील, अंगाने धडधाकट होतील, चारचौघांत बोलायला शिकतील, आणि पोलीस किंवा वनरक्षकाच्या भरतीत पळायची वेळ आली तर मागे राहणार नाहीत. एवढं उत्पन्न बारा गुंठ्यांत दुसरं कोणतं पीक देतं?

येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा एक विषय घाला : "मुलींसाठी खेळाचं मैदान". महिला ग्रामसभेत आधी चर्चा होऊ द्या, म्हणजे मुख्य सभेत बायका गप्प बसणार नाहीत. आणि सभेला येताना त्या बारा ते सतरा वयाच्या पोरींनाही बरोबर आणा. मैदान त्यांना हवं आहे, तर कुठे हवं ते त्यांनाच विचारा.